शिशाचे सैनिक, ओतीव रणगाडे : संग्रहाची सुरुवात कशी करावी

खेळण्यातले जुने सैनिक जमवायचे ठरले की पहिली ओढ खरेदीची असते. ती थोडी आवरा. बनावट मालामुळे नवख्या संग्राहकाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान आपल्याकडची दमट हवा करते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये ओतलेला घोडेस्वार दोन महायुद्धांतून सुखरूप सुटतो, कुणाच्या तरी सामानातून मुंबईला पोचतो आणि इथल्या प्लायवुडच्या कपाटात काही पावसाळ्यांत पांढरा पडायला लागतो. म्हणून या लेखात कपाट खरेदीच्या आधी आलं आहे. आणि त्याच्याही आधी काय जमवायचं, हा प्रश्न.

पायरी १ : एक धागा पकडा

या खेळण्यांचा पसारा प्रचंड आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे सैनिक बनत. फ्रान्समध्ये मिन्यो कंपनीचे भरीव सैनिक, जर्मनीतच लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून तारेच्या सांगाड्यावर घडवलेले एलास्टोलिन आणि लिनिओलचे सैनिक, अमेरिकेत बार्कले आणि मॅनॉइलचे जाडजूड शिपाई, एअरफिक्सचे बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे प्लॅस्टिकचे सैनिक. सगळं थोडं थोडं घेत गेलात तर पाच वर्षांनी कपाट भरलेलं असेल, पण बघणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही.

सुरुवात करणाऱ्याला मी दोनच वाटा सुचवतो.

पहिली वाट ब्रिटन्सची. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधल्या घराण्याने १८९३ साली पोकळ ओतकामाची युक्ती काढली. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, साच्याला टेकलेला थर थिजला की आतला उरलेला रस लगेच बाहेर ओतून द्यायचा. सैनिक आतून पोकळ होई, धातू कमी लागे आणि किंमत उतरे. भरीव जर्मन सैनिकांची इंग्लंडमधली मक्तेदारी त्यातून मोडली. बहुतेक सैनिक ५४ मिलिमीटर उंचीचे. आठ पायदळी किंवा पाच घोडेस्वार, असे संच चकचकीत लाल खोक्यात येत. शिशाच्या खेळण्यांवर निर्बंध आले आणि १९६६ मध्ये हे उत्पादन थांबलं. पुढचा जमाना प्लॅस्टिकचा.

मराठी संग्राहकाला इथे एक खास दुवा सापडतो. ब्रिटन्सने हिंदुस्थानी फौजेचे बरेच संच काढले. त्यात ६६ क्रमांकाचा संच फर्स्ट बॉम्बे लान्सर्सचा, म्हणजे भालाधारी घोडदळाचा, आणि ६८ क्रमांकाचा सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचा. बिकानेरच्या उंटदळाचा १२३ क्रमांकाचा संच तर जगभरच्या संग्राहकांचा लाडका आहे. मुंबई इलाख्याच्या पलटणी एवढाच विषय घेतलात तरी पुरेसा मोठा आहे, आणि तो आपल्या घरातून कुणी सांभाळावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट डिंकी टॉइजच्या लष्करी गाड्यांची. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून या नावाने ओतीव गाड्या विकल्या आणि १९७९ मध्ये तो कारखाना बंद पडला. १९५० च्या दशकातल्या ऑलिव्ह हिरव्या रंगाच्या लष्करी गाड्या एकापुढे एक लावल्या की सबंध ताफा उभा राहतो : ६२१ क्रमांकाचा तीन टनी ट्रक, ६७४ क्रमांकाची जीपसारखी ऑस्टिन चॅम्प, ६७६ ची चिलखती सैनिकवाहक गाडी, ६९३ ची ७.२ इंची हॉवित्झर तोफ, ६६० चा रणगाडे वाहून नेणारा अजस्र ट्रेलर. आणि ६५१ क्रमांकाचा सेंच्युरियन रणगाडा. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, दोघेही पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे आणि दोघेही मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी, सेंच्युरियनमधूनच लढले. डिंकीने रणगाडा बनवला तो ब्रिटिश फौजेचा म्हणून, पण आपल्या कपाटात त्याच्याशेजारी ही दोन नावं लिहून ठेवायला काहीच हरकत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे जवळून पाहून या, म्हणजे खेळण्यात कारागिराने काय टिपलं आणि काय सोडून दिलं ते नीट दिसतं.

या दुसऱ्या वाटेची एक देशी शाखाही आहे. डिंकीचे निवृत्त साचे कोलकात्याला आले आणि तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघाल्या. रंगकाम ओबडधोबड, खोकी साधी, पण भारतीय खेळण्यांच्या इतिहासातलं हे महत्त्वाचं पान आहे.

पायरी २ : कपाट आधी

शिशाला आम्लाच्या वाफा सोसत नाहीत. लाकूड, प्लायवुड, एमडीएफ, पुठ्ठा, ताजा ऑइलपेंट या सगळ्यांतून अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा हळूहळू सुटत असतात. बंद कपाटात त्या कोंडतात. सोबत पावसाळ्याची ओल असली की शिशाच्या पृष्ठभागावर पांढरट करडी भुकटी धरायला लागते. संग्राहक याला लेड रॉट म्हणतात. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आतून रंगाला ढकलते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी भाला, घोड्याचा पाय, बंदुकीची नळी असे बारीक भाग तुटतात. गेलेला धातू परत येत नाही.

त्यामुळे सुताराकडून सुंदर सागवानी शोकेस करून घेण्याचा मोह टाळा. पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट आणि काचेच्या फळ्या, हे सर्वांत उत्तम. कपाट नवं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत दारं उघडी ठेवून रिकामंच राहू द्या. काचा बसवणाऱ्याला सांगा की व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नकोस. न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, तेच हवं. फळीवर लोकरी कापड किंवा फेल्ट अंथरू नका.

आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर उत्तम. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जुलैत बाहेरची आर्द्रता सहज ८० च्या वर जाते, तेव्हा सिलिका जेलशिवाय इलाज नाही. संत्री रंगाचे दाणे घ्या. ओल शोषली की त्यांचा रंग बदलतो आणि मंद ओव्हनमध्ये तापवून ते पुन्हा वापरता येतात. दाणे उघडे न टाकता जाळीच्या पिशवीत ठेवा. दार घट्ट बसत नसेल तर सिलिका जेल कितीही घाला, उपयोग नाही. आधी दाराला रबरी नव्हे, फोमची पट्टी लावून फटी बुजवा.

नाशिक, पुणे, सोलापूरकडे हवा तुलनेने कोरडी, म्हणून तिथे थोडी सवलत मिळते. पण एलास्टोलिनसारखे लगद्याचे सैनिक असतील तर हवा एकदम कोरडी, एकदम दमट असे झोके त्यांना सहन होत नाहीत. आतली तार गंजते, फुगते आणि अंगाला उभे तडे जातात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असंच माझं मत आहे.

कपाटाची जागा बाहेरच्या भिंतीला टेकून नको आणि थेट उन्हात तर नकोच. ब्रिटन्सच्या लाल डगल्यांचा रंग उन्हाने उतरला की तो कायमचा उतरतो. एलईडी पट्टी लावायची तर ती आणि तिचा अ‍ॅडॉप्टर काचेच्या बाहेर ठेवा, म्हणजे उष्णता आत साठत नाही.

पायरी ३ : हात आणि डोळा तयार करा

महागडी वस्तू घेण्याआधी साध्या, खराब झालेल्या वस्तू हाताळा. तुटका सैनिक स्वस्त मिळतो आणि शिकवतो मात्र भरपूर.

ब्रिटन्सचा सैनिक हातात आला की उलटा करा. तळाखाली कंपनीचं नाव आणि 'मेड इन इंग्लंड' अशी अक्षरं कोरलेली दिसतील. अगदी जुन्या सैनिकांच्या तळाखाली कोरीव अक्षरांऐवजी छोटं कागदी लेबल असे. सुरुवातीचे पायदळी गोल तळावर उभे असत, नंतरचे चौकोनी तळावर. रस बाहेर ओतण्यासाठी ठेवलेलं बारीक भोक बहुतेकदा डोक्यावर किंवा शिरस्त्राणाच्या टोकाशी सापडतं. सैनिक आकाराच्या मानाने फारच जड लागला तर सावध व्हा. जुन्या सैनिकावरून साचा काढून नव्याने ओतलेल्या नकला बऱ्याचदा भरीव असतात, आणि त्यांचे नाक, बटणं, पट्ट्याचं बक्कल असे बारकावे बुजलेले असतात.

पुढचा प्रश्न रंगाचा. मूळ रंग हा या छंदाचा प्राण आहे. कारखान्यात बायका हाताने रंगवत, त्यामुळे एकाच संचातल्या दोन चेहऱ्यांत फरक असतो. जुन्या रंगाला बारीक जाळीदार तडे, हाताने खेळून झिजलेले कोपरे आणि एकसारखी काळपट झाक असते. नव्याने रंगवलेला सैनिक खाचांमध्येही झगझगीत दिसतो आणि झीज नेमकी जिथे हवी तिथे नसते. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च जवळ ठेवा. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तोच. अंधारात त्याचा झोत टाकला की नंतर लावलेला रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो.

खोक्यावरच्या लेबलावरून काळाचा अंदाज बांधता येतो, आणि हे काम मला फार आवडतं. फर्स्ट बॉम्बे लान्सर्स ही पलटण १९०३ च्या फेररचनेत एकतिसावी लान्सर्स झाली आणि पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्या पलटणीत मिसळून तेरावी ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन लान्सर्स झाली. लेबलावर तेरावी असं लिहिलेलं असेल तर ते खोकं त्याआधीचं असूच शकत नाही. उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही, कारण कंपन्या जुनी लेबलं पुढेही वापरत. पलटणींचा इतिहास जितका वाचाल तितके खोकी वाचता येतील.

गाड्यांची तपासणी वेगळी. डिंकीच्या युद्धपूर्व गाड्यांची चाकं सपाट असतात आणि आस बारीक. युद्धानंतर चाकांवर उठावदार कडी आली आणि आस जाड झाला. तळाचा पत्रा ज्या रिवेटने धरलेला असतो ते पाहा. रिवेट घासलेलं, ड्रिल केलेलं किंवा त्या जागी स्क्रू दिसला तर गाडी उघडून रंगवलेली आहे. सेंच्युरियनचे रबरी पट्टे काळाने कडक होऊन तुटतात, म्हणून बहुतेक रणगाड्यांवर आज बदललेले पट्टे दिसतात. त्यात गैर काही नाही, पण विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे.

युद्धपूर्व गाड्यांना एक असाध्य दुखणं आहे, झिंक रॉट. तेव्हा जस्ताच्या मिश्रधातूत थोडं शिसं मिसळलं गेलं की धातूच्या कणांच्या सांध्यांत गंज शिरे. वर्षानुवर्षं गाडी किंचित फुगते, वाकते, अंगभर भेगा पडतात आणि एके दिवशी तिचे तुकडे होतात. हे एका गाडीतून दुसरीत पसरत नाही, पण बरंही होत नाही. उष्णता आणि ओल त्याचा वेग वाढवतात. त्यामुळे १९३९ च्या आधीची गाडी घेताना छप्पर आणि चाकं भिंगाखाली बघा. केसासारखी भेग दिसली तर हात जोडून परत करा.

पायरी ४ : खरेदी

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, इथे नियमित फेरी मारा. दर वेळी काही मिळेलच असं नाही. दुकानदाराला तुम्हाला नेमकं काय हवं ते मोबाइलवर फोटो दाखवून सांगा. 'जुनी खेळणी आहेत का' असं विचारलं तर तो पत्र्याची आगगाडी काढून देईल. पारशी, अँग्लो-इंडियन आणि जुन्या लष्करी घरांतलं सामान विकायला निघतं तेव्हा अशा वस्तू बाहेर येतात. तिथे घासाघीस माणुसकीने करा, कारण समोरच्यासाठी ती आजोबांची आठवण असते.

चांगला माल मात्र प्रामुख्याने इंग्लंडमधल्या लिलावांत आणि खेळण्यांच्या जत्रांत आहे. लंडन, लेस्टर, मँचेस्टरकडे राहणारी नातेवाईक मंडळी असतील तर त्यांना रविवारच्या 'कार बूट सेल'ला पाठवा, तिथे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात. ऑनलाइन घेताना तळाचा, पाठीचा आणि तुटक्या भागांचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून मागा. 'रिपेंट' (पुन्हा रंगवलेला), 'रिकास्ट' (नव्याने ओतलेला), 'रिप्रो बॉक्स' (नक्कल केलेलं खोकं) हे शब्द वर्णनात शोधा, आणि ते नसतील तर स्पष्ट विचारा. बोली लावण्याआधी पोस्टाचा खर्च आणि आपल्याकडचं कस्टम शुल्क धरून हिशेब करा.

खोक्याला कमी लेखू नका. मूळ खोक्यासह असलेल्या संचाची किंमत नुसत्या सैनिकांपेक्षा बरीच जास्त असते. पण अख्खे आठ सैनिक खोक्याशिवाय मिळत असतील तर नवख्याने तेच घ्यावेत असं मी सांगेन.

पुढेमागे विकायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा : शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा आपल्याला लागू होतो का, ते पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या.

पायरी ५ : साफसफाई आणि दुरुस्ती

आधी तब्येतीचं. शिसं विषारी आहे. हाताळून झालं की साबणाने हात धुवा, स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर सैनिक ठेवू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका. मुलांना दाखवायचे तर काचेआडून. पांढरी भुकटी धरलेला सैनिक फक्त हातमोजे आणि मास्क घालून, वर्तमानपत्र अंथरून हाताळा आणि तो कागद घडी घालून पिशवीत बांधून टाका. घासकागद कधीच चालवायचा नाही.

सफाईसाठी मऊ केसांचा मेकअपचा ब्रश पुरेसा. फारच मळ असेल तर कानात घालायची कापसाची काडी किंचित ओलसर करून आधी तळाखाली चाचणी घ्या. पितांबरी, चिंच, लिंबू, व्हिनेगर, थिनर यातलं काहीही जवळ आणू नका. घरातली तांब्या-पितळेची भांडी ज्याने लख्ख होतात, त्यानेच शिशाचा नाश होतो.

तुटलेलं मुंडकं काडेपेटीची काडी आत खोचून बसवायची जुनी रीत आहे. इंग्लंडमधल्या कित्येक मुलांनी आपले सैनिक असेच जोडले. अशी दुरुस्ती असलेला सैनिक आला तर ती तशीच राहू द्या, तोही त्याच्या आयुष्याचा भाग आहे. तुम्ही स्वतः काही करायचं तर नियम एकच : जे करता ते उद्या कुणाला काढून टाकता आलं पाहिजे. बदललेले टायर निघतात. रंग निघत नाही. म्हणून पुन्हा रंगवू नका, कितीही खपले उडालेले असोत.

पायरी ६ : मांडणी

प्रमाणाचा घोळ इथे दिसतो. ५४ मिलिमीटरचा सैनिक साधारण १:३२ प्रमाणाचा, म्हणजे खऱ्याच्या एक बत्तिसांश, डिंकीच्या लष्करी गाड्या त्याच्या जवळपास निम्म्या, फ्रेंच सोलिडो कंपनीचे ओतीव रणगाडे १:५०, जपानी टामियाचे जोडायचे संच १:३५, एअरफिक्स १:७२. ब्रिटन्सचा शिपाई डिंकीच्या सेंच्युरियनशेजारी उभा केला तर तो रणगाडा उचलून खिशात घालेल असा दिसतो. फळी प्रमाणानुसार वेगळी ठेवा. ब्रिटन्सने आपल्या सैनिकांच्या मापाचे ट्रक आणि तोफा स्वतः बनवल्या होत्या, ते एकत्र शोभतात.

खेळण्यातले सैनिक संचलनासाठी बनले आहेत, तसेच उभे करा : अधिकारी पुढे, मागे दोन रांगा, सारखं अंतर. त्यांच्याभोवती खोटं गवत आणि धुळीचे रस्ते उभारायचा हट्ट धरू नका. तो मान मॉडेलकारांच्या जोडलेल्या रणगाड्यांना द्या. मागच्या रांगा दिसाव्यात म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या पायऱ्या करून घ्या. चिकट पुट्टी तळाला लावू नका, तिच्यातलं तेल रंगात उतरतं. रबरी टायर वर्षानुवर्षं एका जागी राहिले तर खालच्या पृष्ठभागावर डाग सोडतात, म्हणून गाडीखाली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा ठेवा.

आणि खोकी सैनिकांसोबत आत ठेवू नका. पुठ्ठ्याची आम्लता आपण वर पाहिलीच. आम्लरहित टिश्यू कागदात गुंडाळून ती वेगळ्या कोरड्या जागी सपाट ठेवा आणि कपाटात लेबलाचा रंगीत फोटो लावा.

पायरी ७ : वही आणि वर्षाचं वेळापत्रक

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण तो वस्तूवर चिकटवू नका, तिच्याखाली चिठ्ठी ठेवा. वहीत निर्मात्याचं नाव, संच क्रमांक, उंची, ग्रॅममध्ये वजन, कुठून, केव्हा, कितीला घेतली, काय तुटलंय, आणि समोरून, मागून, खालून असे तीन फोटो. वजन का? लेड रॉटची शंका आली तर तेव्हाचा आणि आताचा आकडा ताडून पाहता येतो.

मेच्या अखेरीस सिलिका जेल तापवून तयार ठेवा आणि दाराच्या फटी तपासा. जून ते सप्टेंबर दार शक्यतो उघडू नका, आठवड्यातून एकदा काचेतून आर्द्रतेचा आकडा बघा. ऑक्टोबरच्या उन्हात हवा कोरडी झाली की प्रत्येक वस्तू बाहेर काढून भिंगाखाली बघा आणि नवे फोटो काढा.

त्याच दिवसांत कुंभारांकडे दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मातीचे मावळे आलेले असतात. भालदार, तोफा, सिंहासनावरचे महाराज. दरवर्षी लाखो घरांत ते मांडले जातात आणि पावसात, लाथाबुक्क्यांत, माळ्यावरच्या टोपलीत संपून जातात. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे मावळे आज एखाद्या ब्रिटन्सच्या संचाइतकेच दुर्मीळ झाले आहेत, आणि ते कुणी पद्धतशीर जमवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जुन्या वाड्याचा माळा रिकामा होत असेल तर विचारून बघा. कच्च्या मातीवरचा हा पाण्यात विरघळणारा रंग ओल्या काडीनेही निघतो, म्हणून इथे फक्त कोरडा ब्रश. कपाटात यांना स्वतंत्र फळी द्या, आणि यंदा किल्ल्यासाठी मावळे आणाल तेव्हा एक जोडी न मांडता, कुंभाराचं गाव आणि साल लिहून बाजूला ठेवा.